जाड भिंतींच्या घरात मेश वायफाय बसवताना

पंचवटीतील आमच्या जुन्या घराच्या भिंती दीड ते दोन फूट जाडीच्या आहेत, त्यामुळे तळमजल्यावरील राउटरचा सिग्नल वरच्या मजल्यावर, जिथे माझी मुलगी अभ्यासाला बसते, जेमतेम पोहोचत असे. दोन युनिटांचा मेश संच (ज्यात मुख्य युनिटाचे वायफाय दुसरे युनिट पुढे पोहोचवते) आणून दुसरे युनिट मी थेट तिच्या टेबलावर ठेवले. फोनवर सिग्नलच्या सर्व रेघा दिसू लागल्या, पण २०० एमबीपीएसच्या जोडणीतून २० सुद्धा हाती लागेनात. त्या रेघा फोन आणि जवळचे युनिट यांच्यातील सिग्नल दाखवतात, त्या युनिटाचा मुख्य युनिटाशी असलेला दुवा किती क्षीण आहे हे दाखवत नाहीत, हे मला उशिरा उमगले. युनिट जिन्याच्या वळणावर आणताच वेग ७० च्या आसपास गेला.

वायफाय दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांवर, चालते; ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतीत २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींपेक्षा अधिक क्षीण होतात, शिवाय दोन बँडच्या संचात फोन आणि मुख्य युनिट यांना बहुधा तोच बँड वाटून घ्यावा लागतो. म्हणून अखेर दोन्ही युनिटे जोडायला जिन्यालगत कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल ओढली. तरीही वेग ९४ वर अडकला. केबलच्या ८ तारांपैकी एक कनेक्टरमध्ये नीट दाबली गेली नव्हती, त्यामुळे गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसची, जोडणी १०० वर उतरली होती; कनेक्टर नव्याने बसवल्यावर पूर्ण वेग मिळाला.

खरेदी करताना प्रत्येक युनिटाला गिगाबिट लॅन पोर्ट आहे याची खात्री करावी, आणि केबल ओढणे शक्यच नसेल तर तीन बँडचा संच घ्यावा, म्हणजे एक बँड युनिटांमधील दुव्यासाठी वेगळा ठेवता येतो.