फर्मेंटर रिकामा दिसला की हात शिवशिवतात? मग बॅचचं वेळापत्रक असं लावा

घरी बिअर करायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाला ही सवय लागते. बाटल्या भरून झाल्या, फर्मेंटर म्हणजे बिअर आंबवायचं भांडं धुवून कोपऱ्यात ठेवला, की दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे नजर गेली तरी चैन पडत नाही. एवढं चांगलं भांडं नुसतं पडून आहे, आत्ता टाकलं असतं तर पंधरा दिवसांत काहीतरी तयार झालं असतं, असं डोक्यात सुरू होतं. मलाही होतं, इतकी वर्षं झाली तरी होतं, एअरलॉकचा (झाकणावरची पाण्याची नळी, गॅस बाहेर सोडते पण हवा आत घेत नाही) तो बुडुक बुडुक आवाज नसला की घर सुनं वाटतं. यात वाईट काहीच नाही, उलट ज्याला ही ओढ असते तो लवकर शिकतो कारण त्याचा हात सतत चालू असतो. पण पुढची बॅच कधी टाकायची हे रिकाम्या भांड्याने ठरवायचं नसतं, ते ठरतं तुम्ही किती पिता त्यावरून आणि यीस्टचं, म्हणजे साखरेचं अल्कोहोल करणाऱ्या जिवाणूसारख्या बुरशीचं, काम संपलंय का त्यावरून. मी हे उलटं करत होतो तेव्हा बिअरही बिघडली आणि एकदा काचाही फुटल्या, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट. घरी बिअर-वाइन करण्याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत, कुठे ठरावीक लिटरपर्यंत चालतं, कुठे परवाना लागतो, कुठे अजिबातच चालत नाही, त्यामुळे आपल्याकडचा नियम आधी बघून घ्या. आणि हे सगळं फक्त आंबवण्याबद्दल आहे, दारू गाळणं हा पूर्ण वेगळा आणि धोक्याचा प्रकार आहे, तो घरी करूच नका.

पायरी 1: आधी पिण्याचा हिशोब, मग भांड्याचा

एक वही घ्या आणि हे गणित स्वतःच्या हाताने करा. नेहमीची बॅच 20 लिटरची धरू, बिअर 5 टक्क्यांची. म्हणजे त्यात शुद्ध अल्कोहोल झालं 1 लिटर, वजनात साधारण 790 ग्रॅम. फर्मेंटर एकच आहे आणि तुम्ही तो दर 14 दिवसांनी भरताय, तर रोजचे झाले 56 ग्रॅम. एक स्टँडर्ड ड्रिंक 10 ग्रॅमचं धरलं तर रोज साडेपाच ड्रिंक, तेही एकही दिवस सुट्टी न घेता. भांडी दोन असतील तर दुप्पट. मी पहिल्यांदा हा आकडा काढला तेव्हा बराच वेळ वहीकडे बघत बसलो होतो, कारण माझ्या डोक्यात प्रत्येक बॅच ही फक्त "पुढचा प्रयोग" होती, ती कोणीतरी पिणार आहे हा विचारच नव्हता.

आता उलटीकडून या. घरात आठवड्याला खरोखर किती बाटल्या संपतात, मित्रांना किती जातात, हे महिनाभर लिहा. समजा महिन्याला 20 बाटल्या जातात आणि बाटली अर्ध्या लिटरची आहे, तर तुमची गरज महिन्याला 10 लिटर, म्हणजे 20 लिटरची बॅच दोन महिन्यातून एकदा. बास. हा आकडा कितीही नकोसा वाटला तरी खरा तोच आहे, बाकीचं वेळापत्रक त्याच्याभोवती बसवायचं.

आणि हे मनापासून सांगतो, पुढच्या बॅचसाठी बाटल्या रिकाम्या व्हाव्यात म्हणून आपण पितोय असं एकदा जरी जाणवलं तरी महिनाभर पिणं पूर्ण बंद ठेवून बघा. बंद ठेवता येत नसेल तर डॉक्टरांशी बोला, त्यात लाजण्यासारखं काही नाही. रोज भरपूर पिणाऱ्याला एकदम थांबवल्यावर हात थरथरणं, घाम येणं असा त्रास सुरू होऊ शकतो, अशा माणसाने आधी डॉक्टरांना विचारूनच थांबावं.

पायरी 2: बाटल्या मोजा

20 लिटर म्हणजे अर्ध्या लिटरच्या 40 बाटल्या. त्या भरल्यावर साधारण 20 अंशांना दोन आठवडे गॅस धरायला लागतात, त्या काळात त्या अडकलेल्या. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी बॅच काढायची तर 80 बाटल्या तरी फिरत्या लागतात, शिवाय आधीच्या उरलेल्या वेगळ्याच. बहुतेकांकडे भांडं रिकामं असतं तेव्हा बाटल्या भरलेल्या असतात, आणि मग बिअर तयार होऊनही फर्मेंटरमध्येच महिना महिना गाळावर पडून राहते. रिकाम्या बाटल्या हातात नसतील तर बॅच टाकूच नका, एवढा एक नियम पाळला तरी अर्धी घाई आपोआप कमी होते.

पायरी 3: भांडं मोकळं करायची घाई करू नका

हे सगळ्यात महत्त्वाचं, इथेच जास्त लोक चुकतात आणि मीही इथेच चुकलो.

एका शनिवारी पुढच्या बॅचचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) सगळं आणून ठेवलं होतं आणि फर्मेंटरमध्ये आधीची बिअर होती, नववा दिवस. एअरलॉकमधले बुडबुडे थांबले होते. ग्रॅव्हिटी, म्हणजे बिअर पाण्यापेक्षा किती जड आहे, मोजली तर 1.016 आली, अपेक्षा होती 1.011 ची; साखर संपत जाते तसा हा आकडा उतरतो. "झालंच की जवळजवळ" म्हणून बाटलीत गॅस धरायला घालतात ती नेहमीएवढी साखर घालून बाटल्या भरल्या आणि त्याच संध्याकाळी फर्मेंटर परत भरला. तीन आठवड्यांनी रात्री कपाटातून आवाज आला. दार उघडलं तर एक बाटली फुटली होती, शेजारच्या दोन बाटल्यांची मानच उडाली होती आणि काचेचा एक लांबट तुकडा कपाटाच्या लाकडी दारात आतल्या बाजूने रुतून बसला होता. कपाट बंद होतं म्हणून वाचलो, नाहीतर त्या वेळी तिथून कोणी जात असतं तर काय झालं असतं हा विचार अजून येतो.

कारण सरळ आहे. ग्रॅव्हिटीचा एक पॉइंट, म्हणजे 1.012 वरून 1.011, बाटलीत उतरला तर साधारण अर्धा व्हॉल्यूम (एक व्हॉल्यूम म्हणजे बिअरच्या आकारमानाएवढा) गॅस तयार होतो. माझे 5 पॉइंट शिल्लक होते, म्हणजे अडीच व्हॉल्यूम, वर साखरेचे नेहमीचे अडीचच्या आसपास. झाले पाच. साध्या बिअरच्या बाटल्या एवढ्या दाबासाठी नसतातच, तीनच्या वर गेलात की धोका सुरू.

म्हणून बुडबुड्यांवर विश्वास ठेवू नका. झाकण थोडं सैल असलं तरी गॅस बाजूने निघून जातो आणि एअरलॉक गप्प बसतं, आणि नुसती खोली गरम झाली तरी काम संपलेल्या बिअरमधून बुडबुडे येतात. मोजायचं असं:

हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी दाखवणारी तरंगती काचेची नळी) आधी 20 अंशाच्या साध्या पाण्यात टाकून बघा, 1.000 दाखवायला हवा (काही हायड्रोमीटर 15.6 अंशांना लावलेले असतात, त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं, मग पाणी तेवढ्या तापमानाचं घ्या). नमुना लांब नळीत घ्या आणि थोडा वेळ ठेवून गॅस जाऊ द्या. हायड्रोमीटर सोडल्यावर त्याला बारीक बुडबुडे चिकटतात आणि तो वर उचलला जातो, म्हणून त्याला हलकी गिरकी द्या, बुडबुडे सुटतील. डोळे पातळीला आणून वाचा, काचेला चढलेली कड वाचायची नाही, मधली सपाट पातळी वाचायची. वहीत लिहा. दोन-तीन दिवसांनी परत मोजा. आकडा तोच असेल आणि अपेक्षेच्या जवळ असेल तरच बाटल्या भरा. मोजलेला नमुना फर्मेंटरमध्ये परत ओतू नका, चव घ्या आणि टाकून द्या, त्या चवीतून फार शिकायला मिळतं. लोण्यासारखा किंवा पॉपकॉर्नसारखा वास आला तर यीस्टचं आवरायचं काम बाकी आहे, आणखी तीन-चार दिवस 20 अंशांच्या आसपास राहू द्या.

साखर साध्या एलसाठी (उबेत आंबणारी नेहमीची बिअर) लिटरला 6 ते 7 ग्रॅम पुरते, 20 लिटरला 120 ते 140. वजन काट्यावर करा, चमच्याने नको. आणि चुकून लवकर भरल्याचं लक्षात आलं तर बाटल्या फ्रीजमध्ये नीट गार करा, जाड कपडा, हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालून झाकणं हळू सैल करा, जोरात गॅस सुटला तर परत झाकण लावायच्या भानगडीत पडू नका, ओतून द्या.

पायरी 4: भांडं भरलेलंच हवं असेल तर हळू चालणारी गोष्ट टाका

ओढ शमवायचा हा माझा सगळ्यात आवडता उपाय. हिशोबात दोन महिन्यातून एक बॅच येत असेल तर दोन महिने चालेल अशीच बॅच निवडा ना. लागर बघा, 10 ते 13 अंशांना दोन-तीन आठवडे आंबते, मग दोन-तीन दिवस 16-18 ला, आणि नंतर शून्याच्या जरा वर चार ते आठ आठवडे मुरते. भांडं सगळा वेळ कामात आणि घरात बिअरचा पूर येत नाही. अर्थात तेवढा गारवा सांभाळायला वेगळा फ्रीज लागतो.

तो नसेल तर मध. पाच लिटरची काचेची बरणी घ्या, 1.3 किलो मध आणि पाणी मिळून साडेचार लिटर करा, ग्रॅव्हिटी 1.086 च्या आसपास येते, वाइनचं यीस्ट आणि यीस्टचं खाद्य घाला. खाद्य विसरू नका, मधात नायट्रोजन फार कमी असतो आणि उपाशी यीस्ट गंधकाचा, सडक्या अंड्यासारखा वास काढतं. साधारण 11-12 टक्क्यांचं पेय तयार होतं आणि ते सहा महिने ते वर्षभर ठेवलं तरच खऱ्या अर्थाने चांगलं लागतं. मात्र आंबणं शांत झालं की गाळावरून दुसऱ्या बरणीत काढा आणि ती अगदी गळ्यापर्यंत भरा, वर मोकळी जागा राहिली की हवा लागून चव जाते. एवढा काळ ठेवायला प्लास्टिकची बादली चालत नाही, त्यातून हवा हळूहळू आत येते. आणि एअरलॉकमधलं पाणी दर पंधरा दिवसांनी बघा, ते सुकलं की माश्या आणि हवा दोन्हीला रस्ता मोकळा.

दुसरा मार्ग छोट्या बॅचचा. 20 ऐवजी 5 लिटर करा, चारपट वेळा करता येईल आणि प्यायला तेवढंच राहील. किंवा एकच वर्ट (माल्टचं अजून न आंबलेलं गोड पाणी) चार बरण्यांत वाटून चारांत चार वेगळी यीस्ट टाका, एका दिवसाच्या उकळण्यात चार भांडी बोलायला लागतात आणि यीस्टमुळे चव किती बदलते हे जिभेवर कळतं. माझ्या मते नव्या माणसाने पहिल्या वर्षात एकदा तरी हे करावंच.

पायरी 5: यीस्ट जपा, मग भांडं रिकामं राहिलं तरी साखळी तुटत नाही

बऱ्याच जणांना लगेच पुढची बॅच टाकायची असते कारण खाली जमलेलं ताजं यीस्ट फेकवत नाही. फेकू नका, उकळून गार केलेल्या बरणीत भरा, झाकण सैल ठेवा आणि फ्रीजमध्ये ठेवा. दोन आठवड्यांत वापरलंत तर थेट टाकता येतं, 20 लिटरच्या साध्या एलला 150 ते 200 मिली दाट गाळ पुरतो, जास्त जुनं झालं तर आधी थोड्या वर्टवर जागवून घ्या. फिक्या बिअरचं यीस्ट गडद बिअरला चालतं, उलटं नको. फार कडक बिअरचं यीस्ट थकलेलं असतं, ते जपू नका. वास आंबट किंवा विचित्र आला तर सरळ फेका.

नॉर्वेच्या खेड्यांतले शेतकरी पूर्वी वर्षातून मोजक्याच वेळा बिअर करायचे आणि मधल्या काळात आपलं यीस्ट, ज्याला क्वाइक म्हणतात, लाकडी कड्यांवर किंवा कापडावर सुकवून महिनोन् महिने टांगून ठेवायचे. तेच यीस्ट आज जगभर वापरतात, 30 ते 40 अंशांत तीन-चार दिवसांत काम उरकतं. फर्मेंटर महिनोन् महिने कोरडा राहिला म्हणून त्यांचं काहीच बिघडलं नव्हतं.

पायरी 6: रिकाम्या काळात हाताला हे काम द्या

तोटी पूर्ण उघडा, एकूण एक भाग वेगळा करा. सतत चालू भांड्यात हे कधीच होत नाही आणि तोटीच्या रबरी कड्यामागे तपकिरी चिकट थर बसलेला असतो, नखाने खरवडून बघा. बऱ्याचशा "कळेना कशी आंबट झाली" बॅचचं उत्तर तिथे सापडतं. सोडियम परकार्बोनेटच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, मऊ कापडाने पुसा, घासणी लावू नका, प्लास्टिकवर ओरखडा पडला की त्यात जंतू बसतात आणि मग सॅनिटायझर तिथे पोचत नाही. ब्लीच वापरत असाल तर त्यात व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

धुतल्यावर भांडी पूर्ण वाळू द्या, नळ्या उभ्या टांगा म्हणजे आत पाणी राहणार नाही, झाकण घट्ट न लावता नुसतं वर ठेवा नाहीतर कोंदट वास धरतो. बादल्या एकात एक घालू नका, ओरखडे पडतात. सॅनिटायझर आत्ता लावून उपयोग नाही, तो वापरायच्या दिवशीच. फर्मेंटरला एक कागदी चिठ्ठी लावा, त्यावर शेवटी धुतल्याची तारीख आणि पुढची बॅच टाकायची तारीख, ती दुसरी तारीख पहिल्या पायरीतल्या वहीतून काढलेली असू द्या.