तालुक्याच्या गावात विद्यार्थी प्रोग्रामर घेताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचे छोटे कार्यालय जिनिंग (कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणारे कारखाने), कृषी केंद्रे आणि पतसंस्था यांच्यासाठी हिशेबाची सॉफ्टवेअर तयार करते. बीसीए, तंत्रनिकेतन आणि अभियांत्रिकीचे काही विद्यार्थी त्यांचे शिक्षण चालू असतानाच आम्ही दरवर्षी कामावर घेतो. असाच विचार करणारे आसपासचे व्यावसायिक पहिला प्रश्न हमखास विचारतात, की हे स्वस्तात पडते का? पडत नाही, निदान सुरुवातीचे दोन महिने तरी नाही. त्या काळात विद्यार्थी जेवढे काम करतो त्याहून अधिक वेळ तुमच्या अनुभवी माणसाचा त्याच्यामागे जातो, आणि ती भरपाई पुढच्या महिन्यांत होते. म्हणून नेमणूक किती काळाची आहे हे विद्यावेतनाच्या आकड्याच्या आधी ठरवावे.

शिक्षण आणि नोकरी आळीपाळीने चालवण्याची ही पद्धत अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये सुरू केली. कॅनडातले वॉटरलू विद्यापीठ १९५७ मध्ये याच पायावर उभे राहिले आणि तिथे कामाचे सत्र चार महिन्यांचे असते. आपल्याकडे बिट्स पिलानीने १९७३ मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू केले, त्याचा मोठा टप्पाही अख्ख्या सत्राचा आहे. आपल्या भागातल्या महाविद्यालयांत मात्र कालावधी एकसारखा नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला जे चार क्रेडिटचे ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण आले आहे, ते एका क्रेडिटला तीस तास धरले तर १२० तासांत, म्हणजे दिवसाला सहा तास दिल्यास वीस दिवसांत संपते. तंत्रनिकेतनाच्या ‘आय-स्कीम’ या आधीच्या अभ्यासक्रमातले औद्योगिक प्रशिक्षण सहा आठवड्यांचे होते. वीस दिवसांत मुलाला आमच्या डेटाबेसमधले तक्तेही नीट कळत नाहीत. अशा मुदतीत चाचणी घेणे, जुनी माहिती तपासणे, मदतपुस्तिका लिहिणे एवढेच द्यावे, आणि चालू प्रणालीतला कोड त्याच्या हाती देण्यासाठी पूर्ण सत्राची इंटर्नशिप असलेलाच विद्यार्थी निवडावा.

निवडीबद्दल माझे मत जरा ठाम आहे. गुणपत्रिका पाहावी, पण तिच्यावर विसंबू नये. महाविद्यालयातला प्रोजेक्ट तर त्याहून कमी विश्वासाचा, कारण तयार प्रोजेक्ट विकत मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही उमेदवाराला कापसाचाच एक हिशेब देतो. सीसीआयच्या, म्हणजे केंद्राच्या भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे वाढणाऱ्या प्रत्येक टक्क्यामागे भावात एक टक्का कपात होते आणि बारा टक्क्यांच्या वर कापूस घेतला जात नाही. वजन, ओलावा आणि भाव दिल्यावर देय रक्कम काढणारा छोटा प्रोग्राम लिहायचा, भाषा त्याच्या आवडीची. कोड चालला की नाही याकडे आमचे लक्ष दुय्यम असते. ओलावा साडेदहा निघाला तर अर्ध्या टक्क्याचे काय करायचे, वजन क्विंटलमध्ये येणार की किलोत, रक्कम कोणत्या टप्प्यावर पूर्णांकात आणायची, हे प्रश्न जो विचारतो तो घेण्याजोगा. काहीच न विचारता दहा मिनिटांत कागद पुढे करणारा मुलगा हुशार असला तरी त्याच्यावर पहिल्या महिन्यात फार नजर ठेवावी लागते.

इथल्या मुलांची जमेची बाजू याच ठिकाणी दिसते. ज्याने घरचा कापूस गाडीत भरून जिनिंगला नेलेला आहे, त्याला काटापावती, हमाली, घट, रुईचा उतारा (कापसातून निघणाऱ्या रुईचे प्रमाण), सरकी आणि १७० किलोची गाठ हे समजावून सांगावे लागत नाही. मोठ्या शहरातून आलेल्या अनुभवी प्रोग्रामरला ते सांगताना आमचे दिवस जातात. याच मुलांची मुलाखत इंग्रजीत घेतली तर त्यातले निम्मे ज्ञान बाहेरच येत नाही. मुलाखत मराठीत घ्यावी, वऱ्हाडीत उत्तर आले तरी चालवून घ्यावे, आणि इंग्रजी एरर मेसेज वाचून त्याचा अर्थ सांगता येतो का एवढे वेगळे तपासावे.

पैशांच्या बाबतीत योजनांचा घोळ आधी समजून घ्यावा. केंद्राच्या राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत २०१९ च्या नियमांनी पदवीधराला दरमहा किमान ९,००० आणि पदविकाधारकाला ८,००० रुपये ठरवले आणि त्या किमान रकमेचा निम्मा वाटा सरकार देते; परंतु ही सोय मुख्यतः शिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी आहे. राज्याने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही शिक्षण चालू असलेला उमेदवार बसत नाही. म्हणून शिकत असलेल्या विद्यार्थ्याचे विद्यावेतन स्वतःच्या खिशातून जाणार असे धरूनच हिशेब मांडावा. फुकट राबवून घेण्याची प्रथा काही ठिकाणी आहे, ती मला पटत नाही. शिवाय ज्या मुलाला जाण्या-येण्याचे भाडेही सुटत नाही तो गहू-हरभऱ्याच्या काढणीला घरी थांबणारच.

एसटीचे वेळापत्रक हा तर निवडीनंतरचा पहिला विषय असावा. खेड्यातून येणाऱ्या मुलींची शेवटची गाडी साडेपाचची असेल तर त्यांचे काम पाचला थांबले पाहिजे, आणि सायंकाळची बैठक सकाळी घ्यावी. अनेकांकडे लॅपटॉप नसतो, त्यांनी कोडिंगचा सराव मोबाइलवर केलेला असतो, त्यामुळे संगणक कार्यालयानेच द्यावा. ग्राहकाचा खरा डेटा त्यावर ठेवू नये. पतसंस्थेच्या खातेदारांची नावे बदललेली प्रतच विद्यार्थ्याला द्यावी.

कामाच्या दिवसांत सर्वांत जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे अडल्यावर न सांगणे. ‘झालं का?’ असे विचारले की ‘होते सर, होऊन जाते’ हे उत्तर आदरापोटी येते आणि चार दिवस डेटाबेसमधून माहिती काढणाऱ्या त्याच एका क्वेरीवर जातात. आम्ही नियम केला आहे, की अर्धा तास अडले की उठून विचारायचे, आणि रोजचा कोड त्याच दिवशी गिटवर, म्हणजे कोडमधले बदल जपणाऱ्या सामायिक प्रणालीवर चढवायचा, मग तो अपुरा का असेना. त्यामुळे कोण कुठे थांबले आहे ते न विचारताही दिसते.

शेवटच्या सत्राची इंटर्नशिप साधारण जानेवारीत सुरू होते, तेव्हा कापसाचा हंगाम चालू असतो आणि विद्यार्थ्याला आपला प्रोग्राम काट्यावर प्रत्यक्ष वापरला जाताना पाहता येतो. त्यासाठी महाविद्यालयाच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याला दिवाळीच्या आत पत्र द्यावे. त्यात कामाचे स्वरूप, कालावधी, विद्यावेतन, मार्गदर्शकाचे नाव आणि परीक्षेसाठी द्यायच्या सुट्ट्या लिहाव्यात. एटीकेटीचे, म्हणजे मागे राहिलेल्या विषयांचे पेपर कोणाचे कधी आहेत हे त्याच वेळी विचारून घ्यावे.