परदेशातलं दुसरं घर विकताय? आधी पासपोर्ट उघडून बघा

सांगलीच्या विश्रामबागेतले एक काका ब्रिटनमधल्या लेस्टरचं घर विकून माझ्याकडे आले ते फ्लॅटचं टोकन देऊनच. "टॅक्स वाचवायला दोन वर्षांत घर घ्यावं लागतं म्हणे!" कायदा त्यांनी बरोबर ऐकला होता, पण त्यांना तो लागू करून उपयोग नव्हता. का, ते पुढे येईल.

पहिलं काम, पासपोर्टवरचे शिक्के मोजा. घर कुठे आहे यापेक्षा विक्रीच्या आर्थिक वर्षात तुम्ही 'निवासी' होता की नाही, यावर इथला कर ठरतो. अनिवासी माणसाला परदेशातल्या घराच्या नफ्यावर इथे कर नाही. कायमचं परत आलात तरी मागच्या 10 पैकी 9 वर्षं अनिवासी असाल, किंवा मागच्या 7 वर्षांत भारतातला मुक्काम 729 दिवसांच्या आत असेल, तर मधला दर्जा मिळतो, आरएनओआर, म्हणजे निवासी पण 'सर्वसाधारण निवासी' नाही. त्यातही हा नफा सुटतो. बरीच वर्षं बाहेर काढून आलेल्याला ही मुभा साधारण दोन-तीन वर्षं मिळते. म्हणजे परत आल्यापासून सांगलीत किती गणपती झाले ते मोजा. दुसराच असेल तर विक्री लांबवू नका. मात्र पैसे आधी तिकडच्याच खात्यात घ्या. खरेदीदाराने थेट इथल्या खात्यात पाठवले, तर 'भारतात मिळालेलं उत्पन्न' म्हणून कर लागू शकतो.

दुसरं काम, तिकडचा कर. इथली मुभा तिकडे चालत नाही. ब्रिटनमध्ये, तिथे राहत नसलेल्या मालकाने व्यवहार पूर्ण झाल्यापासून 60 दिवसांत विक्री कळवायची असते, कर निघत नसला तरी. दर 18 किंवा 24 टक्के. अमेरिकेत खरेदीदार साधारणपणे विक्री किमतीच्या 15 टक्के रक्कम आधीच कापून ठेवतो. दुबईत काहीच नाही, आणि तिथेच आपले लोक फसतात. तिकडे नाही म्हणजे इकडेही नाही, असं धरून बसतात.

मुभा संपली असेल तर मग इथला हिशोब. घर 24 महिन्यांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफ्यावर 12.5 टक्के, वर 4 टक्के उपकर. नफा मोठा असेल तर अधिभारही. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक लावून 20 टक्के, हा जुना हिशोबही करून बघता येतो. कमी निघेल तेवढाच कर. परकीय चलनाचे रुपये करायला स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, म्हणजे बँक परकीय चलन विकत घेते तो दर, घ्यायचा, विक्रीच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. विक्री 12 ऑगस्टला, तर दर 31 जुलैचा. त्या दिवसाचा तक्ता तेव्हाच उतरवून ठेवा, नंतर शोधत बसावं लागतं.

आता काकांचं गणित. घर 2016 चं, नफा समजा 40 लाख. इथला कर जास्तीत जास्त 5 लाख 20 हजार. ब्रिटनमध्ये 3,000 पौंडांची सूट धरून 18 टक्क्यांनीसुद्धा साडेसहा लाखांच्या आसपास गेले. तिकडे भरलेला कर इथल्या करातून वजा होतो, म्हणजे इथे भरायला शून्य. वरचे सव्वा लाख काही परत मिळत नाहीत. मग कलम 54 साठी, म्हणजे नफा नव्या घरात घालून कर वाचवायच्या सवलतीसाठी, फ्लॅट घेऊन वाचवायचं काय? घर एप्रिल 2015 पूर्वीचं असतं तर गणित बदललं असतं, कारण ब्रिटन सहसा त्यानंतरचाच नफा मोजतं.

हेच घर दुबईत असतं तर फ्लॅट जरूर घ्या म्हटलं असतं. विकलेलं घर परदेशातलं चालतं, नवं मात्र भारतातच हवं. विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घ्यायचं, बांधायचं असेल तर तीन. रिटर्नच्या मुदतीपर्यंत पैसे गुंतले नाहीत तर बँकेत कॅपिटल गेन्स खातं उघडून त्यात ठेवा. घर नको असेल तर सहा महिन्यांत 50 लाखांपर्यंत सरकारी कंपन्यांचे ठरावीक रोखे, पाच वर्षं अडकून. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले. सल्लागाराशी बोलताना गोंधळू नका.

शेवटी रिटर्न. तिकडच्या कराची वजावट हवी तर त्याचा वेगळा फॉर्म, ज्याला आम्ही 67 नंबर म्हणत आलो, तो पावतीसकट भरायचा. आणि परदेशी मालमत्तेचा तक्ता सर्वसाधारण निवासी माणसाने भरायचाच. घर लपवलं तर दंड 10 लाख. या तक्त्यात वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरतात. त्यामुळे फेब्रुवारीत विकलेलं घर त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये दाखवून झालं, तरी पुढच्या वर्षी पुन्हा एकदा दाखवावं लागतं.