मॅक्रो, म्हणजे किड्यांसारख्या बारक्या गोष्टींचे एकदम जवळून फोटो काढताय? मग या चुका टाळा भो

कपाशीच्या पानाखाली मावा दिसतो, त्यात एखादा ढालकिडा फिरत असतो, आपण मोबाईल थेट त्याच्या तोंडाला लावतो आणि फोटोत येतो नुसता हिरवा गिचका. लेन्स खराब नाहीये, तुम्ही जास्त जवळ गेलात. प्रत्येक लेन्सचं एक कमीत कमी अंतर असतं, त्याच्या आत फोकस लागतच नाही, म्हणून थोडं मागे या, दोनपट झूम करा नाहीतर नंतर क्रॉप मारा. मोबाईलवर चिमट्यासारखी अडकवायची क्लिपवाली लेन्स लावली असेल तर उलटं, ती काही सेंटीमीटरवरच चालते, लांबून सगळं धूसर.

कॅमेरावाल्यांचं दुखणं वेगळं. मॅक्रो लेन्सवर एकास एक साईजला (किडा जेवढा, तेवढंच त्याचं चित्र सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या चिपवर) गेलात की एफ २.८ वर (एफचा आकडा जेवढा लहान, तेवढं लेन्सचं भोक मोठं) शार्प भाग एक मिलिमीटरसुद्धा नसतो, एफ ८ लाही जेमतेम एक मिलिमीटर, म्हणजे ढालकिड्याची पाठ शार्प अन् डोळे गायब. मग लोक रागाने एफ २२ करतात, त्याने डिफ्रॅक्शन होऊन (बारीक भोकातून प्रकाश पसरून) अख्खा फोटोच मऊ पडतो. एफ ८ ते ११ मध्ये राहा. आणि ऑटोफोकस बंद करा हो, तो पुढेमागे शोधत बसतो तोवर किडा उडून जातो. मॅन्युअलवर रिंग एका जागी सेट करून ठेवा, मग स्वतःच हळूहळू पुढे झुका आणि डोळा शार्प दिसायला लागला की बर्स्ट मारा, म्हणजे बटण दाबून धरून पटापट फोटो काढा, पाच-दहातला एखादा हमखास लागतो. फुलपाखरू बाजूने काढताना सेन्सर पंखांना समांतर धरा, अर्धं काम तिथंच होतं.

फ्लॅश उघडा मारू नका, भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा डाग पडतो. समोर बटर पेपर लावला तरी पुरे, महागडा डिफ्यूजर (प्रकाश मऊ करणारा पडदा) नंतर बघा.

वेळ चुकली तर सेटिंग काय करणार? आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी माणूस बाहेर निघत नाही, किडे पानाखाली दडतात, ऊनही कडक. थंडीत सकाळी लवकर जा, रावेर-यावलकडच्या केळीत नाहीतर जळगावात मेहरूण तलावाच्या काठाला, चतुर गारठून बसलेले असतात, अंगावर दव असतं, ऊन लागेपर्यंत उडत नाहीत. हे सोडून किडे फ्रीजमध्ये ठेवून फोटो काढणारेही आहेत, तो प्रकार अजिबात नको.

वारा असला तर पानाचा देठ क्लिपने काडीला अडकवा. आणि कपाशीत पोटावर झोपायच्या आधी शेतवाल्याला फवारणी कधी झाली ते विचारा, काल-परवाच झाली असेल तर दुसरं शेत बघा.