मॅक्रो लेन्स घ्यायची आहे, आणि तिनेच पोर्ट्रेटही काढायचे आहेत

नामांकित कंपनीची खरी १:१ (वस्तू सेन्सरवर तिच्या मूळ आकाराएवढी उमटवणारी) मॅक्रो लेन्स धारदार नाही, असं सहसा होत नाही. कॅनन, निकॉन, टॅमरॉन, टोकिना, कुठलीही घ्या. माशीच्या डोळ्यांवरची जाळी सगळ्या दाखवतात. फरक कळतो तो कॅमेरा माणसाकडे वळवल्यावर. त्यामुळे एकाच लेन्सकडून दोन्ही कामं करून घ्यायची असतील तर निवड पोर्ट्रेटच्या बाजूने करावी. चेहरा किती अंतरावरून चौकटीत बसतो, एक मीटरच्या पुढे फोकस किती झटपट लागतो आणि मागचं किती विरघळतं, एवढं आधी तपासा. मॅक्रोची बाजू मग फारशी अडत नाही.

आधी खोली मोजा

'पोर्ट्रेटला १०० मिमी उत्तम' हे वाक्य फुल फ्रेम, म्हणजे ३६ बाय २४ मिमीचा, सेन्सर गृहीत धरून म्हटलेलं असतं. आपल्याकडच्या बऱ्याच हौशी मंडळींच्या हातात क्रॉप, म्हणजे त्याहून छोट्या, सेन्सरची बॉडी (कॅमेरा) असते आणि तिथे हा हिशोब बदलतो.

कॅमेरा उभा धरून डोकं आणि खांदे, म्हणजे साधारण ६० सेंमी उंचीची चौकट घ्यायची असेल तर फुल फ्रेमवर १०० मिमी लेन्सने सुमारे १.८ मीटरवर उभं राहावं लागतं. तीच लेन्स १.५ क्रॉपच्या, म्हणजे दीडपट छोट्या सेन्सरच्या, बॉडीवर लावली की अंतर २.६ ते २.७ मीटर होतं. पायापासून डोक्यापर्यंत माणूस हवा असेल तर फुल फ्रेमवर साडेपाच मीटरपेक्षा थोडं जास्त आणि क्रॉपवर तब्बल साडेआठ मीटर.

आता नागपूरच्या महालातल्या किंवा इतवारीतल्या जुन्या घरातली दहा बाय बाराची खोली डोळ्यांसमोर आणा. लांब बाजू धरली तरी ३.६ मीटर. भिंतीवर सावली पडू नये म्हणून माणूस भिंतीपासून मीटरभर पुढे हवा आणि तुम्हाला स्वतःला उभं राहायला अर्धा मीटर लागतोच. उरले दोन-सव्वादोन मीटर. क्रॉप बॉडीवर १०० मिमी इथे बसत नाही. ६० मिमी मात्र १.६ मीटरवरून डोकं-खांदे आरामात घेते. लग्नाच्या लॉनवर किंवा सेमिनरी हिल्सच्या झाडीत काम असेल तर जागेची अडचण नाही, तिथे क्रॉपवरही १०० मिमी खुशाल वापरा.

थोडक्यात, फुल फ्रेमला ९० ते १०५ मिमी. क्रॉपला घरात काम जास्त असेल तर ६० मिमी, बाहेर जास्त असेल तर ८५ ते १०० मिमी. क्रॉपसाठीच्या ३५ किंवा ४० मिमी मॅक्रो लेन्स स्वस्त आणि हलक्या असतात, पण या दुहेरी कामाला घेऊ नयेत. फक्त चेहरा भरायचा तर त्यांच्यासह फार जवळ जावं लागतं, नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. मॅक्रोत तर १:१ ला काच आणि फूल यांत जेमतेम तीन-चार सेंमी उरतात आणि लेन्सचीच सावली फुलावर पडते.

हेच कारण ६० विरुद्ध १०० मिमीच्या निवडीतही येतं. खोक्यावर लिहिलेलं 'किमान फोकस अंतर' सेन्सरपासून मोजलेलं असतं, काचेपासून नाही. कॅननच्या ईएफ १०० मिमी एल लेन्सचं हे अंतर ३० सेंमी आहे, पण काचेच्या पुढे प्रत्यक्षात १३-१५ सेंमीच उरतात. ईएफ-एस ६० मिमीचं २० सेंमी. पुढे उरतात नऊच्या आसपास. संत्र्याच्या किंवा लिंबाच्या पानावर बसलेली लिंबाळी फुलपाखराची अळी, जी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, ती नऊ सेंमीवरूनही जागची हलत नाही. अंबाझरी तलावाकाठचे चतुर मात्र एवढं जवळ येऊ देत नाहीत. कीटकच जास्त टिपायचे असतील तर लांबीच्या बाजूने झुका. क्रॉपवाल्यांना एक दिलासा आहे: छोट्या सेन्सरमुळे चतुर १:१ च्या आधीच चौकट भरतो, त्यामुळे शेवटच्या सेंटिमीटरपर्यंत जायची वेळ क्वचित येते.

एफ/२.८ पुरतं का?

मागचं किती धूसर होईल याचा सोपा अंदाज: फोकल लेंथला (लेन्सचे ते मिमी) एफ-क्रमांकाने भागा (लेन्सचं छिद्र, म्हणजे अपर्चर, किती उघडतं त्याचा आकडा; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं). ८५ मिमी एफ/१.८ चं उत्तर ४७ मिमी येतं, १०० मिमी एफ/२.८ चं ३६, ९० मिमी एफ/२.८ चं ३२ आणि ६० मिमी एफ/२.८ चं २१. चेहरा चौकटीत तेवढाच ठेवला तर दूरच्या पार्श्वभूमीची धूसरता याच आकड्याच्या प्रमाणात कमी-जास्त होते. १०० मिमी इथे बरीच बरोबरी करते. ६० मिमी मागे पडते. तिच्यावर उपाय म्हणजे माणसाला झाडापासून किंवा भिंतीपासून तीन-चार मीटर पुढे आणणं.

फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट येणाऱ्या भागाची जाडी, पाहिली तर फुल फ्रेमवर १०० मिमी, एफ/२.८, दोन मीटर अंतर, यात साधारण साडेसहा सेंमी मिळतात. समोरून काढलेल्या चेहऱ्याला एवढं चालतं. चेहरा तिरका असेल आणि दोन्ही डोळे स्पष्ट हवे असतील तर एफ/४ ठेवा. एफ/१.४ च्या लेन्सवर डोळा सुटून भुवईच स्पष्ट येण्याचा जो घोळ होतो, तो इथे कमी होतो. पोर्ट्रेट शिकणाऱ्यांसाठी एफ/२.८ ही कमतरता नसून सोय आहे, असं आमचं मत.

खरी अडचण अंधाराची. मंगल कार्यालयातल्या पिवळट दिव्यांत एफ/१.८ च्या तुलनेत एफ/२.८ ला सव्वा स्टॉपहून जास्त प्रकाश कमी मिळतो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० च्या जागी ४००० च्या आसपास जावं लागतं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताची थरथर थोपवतं, नवरीची मान वळली तर त्याचा काही उपयोग नाही. शटर १/१६० च्या खाली नेऊ नका. फ्लॅश छताकडे वळवून मारा.

फोकसची मोटर आणि तो छोटा स्विच

मॅक्रो लेन्समध्ये फोकसला फार लांबचा प्रवास असतो, ३० सेंमीपासून अनंतापर्यंत. डोळा एकदा चुकला की लेन्स आत-बाहेर सगळी फेरी मारून येते आणि तेवढ्यात हसू मावळतं. म्हणून बाजूला फोकस लिमिटर, म्हणजे फोकसची धाव मर्यादित ठेवणारा स्विच, आहे का ते बघाच. कॅननच्या १०० मिमी एल, सोनीच्या ९० मिमी जी आणि निकॉनच्या एएफ-एस १०५ मिमी लेन्सवर तो अर्धा मीटर ते अनंत असा बांधता येतो. पोर्ट्रेट सुरू करण्याआधी स्विच तिकडे सरकवायचा आणि मॅक्रोला परत आणायचा. परत आणायला विसरलं की 'जवळचा फोकसच लागत नाही, लेन्स बिघडली' अशी तक्रार सुरू होते!

हाताने फोकस करायचा बेत असेल तर आणखी एक गोष्ट. या लेन्सच्या रिंगचा बहुतेक फेरा जवळच्या अंतरांसाठी राखलेला असतो. दीड मीटरपासून अनंतापर्यंतचा भाग बोटभर फिरवण्यात संपतो. त्यामुळे लाओवाच्या १०० मिमी एफ/२.८ सारख्या, २:१ पर्यंत जाणाऱ्या हाताने फोकसच्या लेन्स मॅक्रोला कितीही छान असल्या तरी धावत्या पोरांच्या पोर्ट्रेटला त्रासदायक ठरतात. मारबतीच्या मिरवणुकीत तर नकोच.

निकॉनवाल्यांनी बॉडी तपासावी. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यामुळे जुन्या एएफ-डी मायक्रो लेन्स आणि टोकिना १०० मिमीची निकॉन आवृत्ती त्यांच्यावर ऑटोफोकस करत नाहीत. झेड (बिनआरशाच्या) बॉडीवर जुन्या लेन्स जोडणारा एफटीझेड अ‍ॅडॉप्टर लावला तरी तेच. स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि घरी येऊन कळलं, असं या लेन्सच्या बाबतीत फार होतं. निकॉन मॅक्रोला 'मायक्रो' म्हणतं, एवढं लक्षात असलं की शोधताना गोंधळ होत नाही.

कोणत्या बॉडीवर काय

कॅनन क्रॉप डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यावर) ईएफ-एस ६० मिमी एफ/२.८ अजूनही समंजस निवड आहे, मात्र ती फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाही. पुढे फुल फ्रेम घ्यायचा विचार असेल तर ईएफ १०० मिमी. तिचं साधं रूप स्वस्त आणि बिनस्टॅबिलायझेशनचं, एल रूपात ते आहे. पण १:१ ला त्याचा फायदा निम्म्यावर येतो. आरएफ माउंटवर (कॅननच्या बिनआरशाच्या बॉडीवर) आरएफ ८५ मिमी एफ/२ मॅक्रोचा आधी विचार करा. ती १:२ पर्यंतच जाते, म्हणजे फुल फ्रेमवर ७२ मिमी रुंदीपेक्षा लहान काही चौकटभर येत नाही. तळहातावरची मेंदी आणि फुलं तिच्यात मजेत बसतात, अंगठी नंतर फोटोच्या कडा थोड्या कापून चालते. मुंगीचे डोळे मात्र विसरा. आरएफ १०० मिमी एल १.४ पटीपर्यंत जाते. तिच्यावरची एसए रिंग धूसरतेचा पोत बदलते आणि सोबत चित्र मऊही करते, म्हणून ती शून्यावर ठेवून लॉक करावी.

सोनीवर ९० मिमी जी किंवा सिग्मा १०५ मिमी डीजी डीएन. सिग्मात स्टॅबिलायझेशन नाही, म्हणून ते बॉडीत असेल तरच ती सोयीची. टॅमरॉनची २०२४ ची ९० मिमी सोनी आणि निकॉन झेड दोन्हींसाठी आहे. बारा पात्यांच्या अपर्चरमुळे तिच्यात मागचे दिवे थोडं बंद केल्यावरही गोल राहतात, पण स्टॅबिलायझेशन तिच्यातही नाही. निकॉन झेडची स्वतःची १०५ मिमी एमसी दोन्ही कामांत सरस. फुजीवर ८० मिमी एफ/२.८.

झूम लेन्सवर 'मॅक्रो' लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. ७०-३०० मिमीच्या अशा लेन्स बहुधा १:२ वरच थांबतात. आणि काम जवळजवळ सगळं पोर्ट्रेटचंच असेल, मॅक्रो कधीतरी अंगठीपुरतं, तर मॅक्रो लेन्स घेऊच नका. ८५ मिमी एफ/१.८ घ्या आणि ३६ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि बॉडी यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी). त्यात अर्ध्या आकारापर्यंत जाता येतं. ट्यूब लावलेली असताना दूरचं काहीच फोकस होत नाही, एवढं सांभाळा.

त्वचा फार स्पष्ट येते त्याचं काय?

येते. पण दोष बहुतेक वेळा उजेडाचा असतो. कडक प्रकाश एका बाजूने आला की प्रत्येक छिद्राला स्वतःची सावली मिळते आणि मॅक्रो लेन्स ती इमानदारीने दाखवते. खिडकीवर पातळ पांढरा पडदा, माणूस खिडकीपासून मीटरभर, दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट, इतक्यात निम्मं काम होतं. बाहेर असाल तर मे महिन्यात सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. उकाड्यात घाम चमकतो तो टिश्यूने टिपून घ्या, पुसू नका. पुसलं की त्वचा लाल होते. संपादनात 'टेक्स्चर' स्लायडर उणे १० ते १५ आणि शार्पनिंग फक्त डोळे, भुवया, केसांवर. त्याहून जास्त घासलं की चेहरा मेणाचा दिसतो.

मॅक्रोत उलट अडचण, फोकसची खोलीच मिळत नाही. १:१ ला एफ/८ वर फुल फ्रेममध्ये जेमतेम एक मिलिमीटर. शिवाय एवढ्या जवळ एफ/२.८ चं काम जवळपास एफ/५.६ सारखं होतं आणि एफ/१६ लावलं तर एफ/३२ सारखं, म्हणजे सगळंच मऊ. एफ/८ ते एफ/११, फ्लॅशवर डिफ्यूजर, शटर १/२०० आणि फोकस अंग किंचित पुढे-मागे करून. डिसेंबर-जानेवारीच्या थंड पहाटे कीटक सुस्त असतात, तेव्हा सराव करा.

दुकानात किंवा सेकंडहँड घेताना

बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) किंवा कुणाकडून जुनी लेन्स घ्यायला जाताना आपली बॉडी, शाळेची पट्टी आणि टॉर्च न्या. किमान अंतरावर नेऊन पट्टी टिपा: खऱ्या १:१ ला फुल फ्रेमवर ३६ मिमी, सोनी-निकॉन क्रॉपवर साडेतेवीस आणि कॅनन क्रॉपवर सव्वाबावीस मिमी रुंदी दिसते. मग दीड-दोन मीटरवर कुणालातरी उभं करून एफ/२.८ वर डोळ्यावर लागोपाठ दहा फोटो काढा आणि पडद्यावर १०० टक्के मोठे करून बघा. दोन-तीन चुकले तर ठीक; सगळे कानावर सरकले असतील तर डीएसएलआरमध्ये फोकसची सूक्ष्म दुरुस्ती करून पाहा, तरीही सरकत असतील तर सोडून द्या. नंतर टॉर्च मागच्या बाजूने तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, नको. दोन-चार धुळीचे कण चालतात. अपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक असेल तर नको. स्टॅबिलायझेशन चालू करून शटर अर्धं दाबा. हलकी घरघर असते, पण चित्र उडी मारत असेल तर दुरुस्ती महागात पडेल.

घेतल्यावर बुरशीची भीती पावसाळ्यात सगळेच धरतात. नागपुरात कूलरचे महिनेही तितकेच वाईट. खसाच्या पडद्यातून येणारी ओली हवा रात्रभर खोलीत असते आणि कॅमेऱ्याची बॅग नेमकी त्याच खोलीत कोपऱ्यात पडलेली असते. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. आणि मे महिन्यात लेन्स गाडीच्या डिकीत ठेवून जेवायला जाऊ नका, पात्यांवर तेल चढण्याचं ते एक हमखास कारण आहे.