पोट्ट्याची उंची किती होईल, अंदाज घरीच कसा काढायचा

आधी मायबापाची उंची नीट मोजा, चपला काढून, टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर पाटी आडवी धरून खूण करा आन टेपनं सेंटीमीटरमध्ये मोजा. दोघांची बेरीज करा, पोरगा असन तर १३ मिळवा, पोरगी असन तर १३ वजा करा, मग दोननं भागा. बाप १६८ आन माय १५१ असली तर पोरगा १६६, पोरगी १५३ च्या आसपास. पण ८-९ सेंटीमीटर इकडेतिकडे होऊ शकते हे धरूनच चाला.

इतका फरक काहून? उंचीचा एकच जीन (मायबापाकडून येणारा, गुण ठरवणारा डीएनएचा तुकडा) नसते ना बाप्पा. २०२२ मध्ये ५४ लाख लोकांच्या डीएनएचा अभ्यास छापून आला, त्यात उंचीशी जोडलेले डीएनएमधले १२,१११ बारके बदल सापडले, बहुतेकांचा परिणाम अगदी बारीक, आन त्यातले कोणते मायकडून येतीन कोणते बापाकडून हे प्रत्येक लेकराचं वेगळं, म्हणून सख्ख्या भावांमध्येही एक उंच एक बुटका दिसते. त्या अभ्यासातले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे होते, म्हणून डीएनए टेस्टवरून आपल्या पोरांची उंची सांगणं अजून कच्चंच हाय, त्यात पैसे घालू नका.

जीन्स चांगले असले तरी लहानपणी पोटाला कमी पडलं, सारखे जुलाब झाले तर वाढ खुंटते. अंगणवाडीत दर महिन्याला वजन-उंची लिहून घ्याच, वाढीच्या तक्त्यावरची रेघ खाली जात असन तर डॉक्टरला दाखवा. हाडांची वाढणारी टोकं एकदा जुळून पक्की झाली की कोणत्याच पावडरनं उंची वाढत नाही.