श्रावण ते दिवाळी: उपासात आणि फराळात चांगल्या सवयी कशा टिकवायच्या

'दिवाळी झाली की सुरू करतो' हे श्रावण लागला की साताऱ्यात घरोघरी ऐकू येतं. दिवाळीनंतर लग्नसराई, मग संक्रांत, मग गावोगावच्या यात्रा, म्हणजे मोकळा महिना येतच नाही. त्यामुळं सुरुवात याच गडबडीत करा, गौरीच्या जेवणातनं जी सवय वाचली ती पुढं टिकतीच.

१. सवय एकच धरा. जेवणानंतर वीस मिनिटं चालणं, बास. अजिंक्यताऱ्यावर पहाटे जाणाऱ्यांचे फोटो बघून पेटू नका, श्रावणात पायवाट निसरडी असती आणि दोन दिवस पाऊस लागला की गडी घरात बसतो तो बसतोच. जेवणानंतरचं चालणं गच्चीवर, व्हरांड्यात कुठंही होतं, आणि साखर एकदम चढत नाही.

२. झेपेल तोच उपास करा. नवरात्रात नऊ दिवस झेपत नसतील तर उठता-बसता, म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस करा, देवी रागवत नाही. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, यात घासाघीस नको.

३. साबुदाणा कमी करा. तो जवळजवळ नुसता स्टार्च, १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण ३५० कॅलरी आणि प्रोटीन एक ग्रॅमसुद्धा नाही. वरी, राजगिरा, दाण्याची आमटी, ताक चालतंय. 'दुधाचाच आहे' म्हणून कंदी पेढ्यांचा बॉक्स संपवणाऱ्यांना काय सांगायचं!

४. उपास सोडणं. सगळं घोडं इथंच अडतं, माझंही लई वर्षं अडायचं. श्रावणी सोमवारी सकाळी खिचडी, चारला पोटात कावळे, आणि संध्याकाळी भजी तळताना कढईपाशीच चार-पाच तोंडात जातात. मग ताटावर आडवा हात, वर अर्ध्या तासात आडवं व्हायचं, आणि रात्रभर जळजळ. 'मनावर ताबा ठेवा' म्हणणाऱ्यांनी एकदा उपाशीपोटी भज्यांच्या वासात उभं राहून दाखवावं. ताबाबिबा काही नसतो, भूकच आधी मोडायला लागती. सहाच्या सुमाराला वाटीभर दही किंवा ताक आणि मूठभर भिजवलेले शेंगदाणे खा, उपासालाही चालतात, मग साडेसातला ताटावर बसलं तरी माणूस माणसासारखं जेवतो. आधी भाजी-आमटी, भात शेवटी, गोड एक वाटी आणि तेही जेवणातच.

आणि आग्रह! दुसऱ्याच्या घरी ताट कधी रिकामं ठेवू नका, रिकामं दिसलं की वाढणारी काकू झडप घालतीच. पोळीचा शेवटचा घास ताटात ठेवून हळूहळू चावत बसायचं. 'पोट भरलं' म्हटलं की उलट जोर चढतो, त्यापेक्षा 'काकी, पुरण झकास झालंय, डब्यात घालून द्या' म्हणा. काकी खूश, आणि डबा दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यांत वाटून संपतो.

जेवण झालं की चप्पल घाला. टीव्हीसमोर टेकलात की त्या दिवसाचं चालणं गेलं.

५. गणपतीत आरतीनंतर चाला, मोदक दोन. दिवाळीत फराळ चहासोबत एकदाच, बशीत काढून घ्यायचा, डब्यात हात घालायचा नाही. पाहुण्यांनाही चालायला सोबत न्या, नाहीतर ते बसतात आणि तुम्हालाही बसवतात.